राष्ट्रीय रेसिंगचा पहिला वीकेंड: चेन्नईला निघण्याआधीपासून रविवार संध्याकाळपर्यंत

गेल्या काही सीझनमध्ये पुण्या-कोल्हापूरकडच्या नवख्या पोरांसोबत मी चेन्नईला गेलोय. कुणाचा मेकॅनिक म्हणून, कुणाचा ड्रायव्हर म्हणून, एकदा तर नुसती ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत, छत्री धरायला. त्यातल्या एकाचाही वीकेंड ‘वेग कमी पडला’ म्हणून वाया गेला नाही. एकाकडे मेडिकल सर्टिफिकेटची झेरॉक्स होती, मूळ कागद निगडीला कपाटात. एकाच्या ऑइलच्या झाकणाला, ते सुटू नये म्हणून बांधायची लॉकवायर नव्हती. एक जण पहिल्या सरावाच्या दुसऱ्याच फेरीत थंड टायरवर पडला आणि क्वालिफाइंग, म्हणजे रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र, त्याने हात गळ्यात बांधून भिंतीवरून पाहिलं. दर वर्षी पोरं बदलतात, चुका त्याच.

हा लेख भारतीय राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंग चॅम्पियनशिपमध्ये १६५ सीसीच्या नवोदित वर्गात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या आई-बाबा, काका, मित्रांसाठी आहे. ठिकाण धरलंय श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट: ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर स्पर्धेचा राउंड असेल तर ट्रॅक बराच छोटा, साधारण २.१ किलोमीटरचा, पण कामाचा क्रम तोच.

आधी एक हिशोब ठरवून घ्या. पहिल्या वीकेंडला मोजायच्या त्या फक्त पूर्ण झालेल्या फेऱ्या. सराव, क्वालिफाइंग, दोन्ही रेस मिळून जेवढ्या फेऱ्या मिळू शकतात, त्यातल्या किती तुम्ही खरंच मारल्या? पुढचा प्रत्येक सल्ला या एका आकड्यासाठी आहे.

## १. आठ आठवडे आधी: वर्ग, लायसन्स आणि सीट

वर्ग. नवोदितांचा १६५ सीसी स्टॉक वर्ग सुरुवातीला योग्य. मुलींसाठी वेगळा वर्ग असतो. कंपन्यांच्या वन-मेक स्पर्धा हा दुसरा रस्ता: तिथे निवड चाचणी होते आणि सगळ्यांना सारखी, कंपनीनेच तयार केलेली गाडी मिळते. तिथे निवड झाली तर डोळे झाकून जा; खाली टप्पा ३ मध्ये जी वायर-ड्रिलची कटकट सांगितली आहे ती वाचते. ‘माझी स्वतःची गाडी मला माहीत आहे’ हा हट्ट पहिल्या वर्षी महागात पडतो.

लायसन्स. स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआय, म्हणजे देशातली मोटरस्पोर्टची फेडरेशन, देते आणि ते वर्षापुरतं असतं. गेल्या वर्षीचं चालत नाही. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची वयाची अट, मेडिकलचा नमुना आणि रेसिंग स्कूलच्या प्रमाणपत्राची अट फेडरेशनच्या चालू नियमांतून वाचा, मित्राच्या व्हॉट्सॲपवरून नको. वय अठराच्या आत असेल तर पालकांची लेखी संमती लागते. इथे आई-बाबांनी सही करायच्या आधी एक गोष्ट माहीत करून घ्यावी: ऑगस्ट २०२३ मध्ये याच ट्रॅकवर, याच राष्ट्रीय स्पर्धेच्या वीकेंडला, १३ वर्षांचा एक रेसर अपघातात गेला. सही म्हणजे फॉर्मची एक ओळ भरणं, असं समजून ती करू नका.

सीट. बहुतेक नवखे स्वतःची गाडी नेत नाहीत, एखाद्या टीमकडून वीकेंडपुरती सीट भाड्याने घेतात. पैसे देण्याआधी हे लेखी घ्या: पडझड झाली तर कुठला भाग कुणाच्या खर्चाने; नवे टायर मिळणार की मागच्या रायडरचे; मेकॅनिक तुमच्या एकट्यासाठी की चौघांत एक; आदल्या दिवशीचा सराव भाड्यात धरलाय का. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं भांडण एका वाकलेल्या क्लिप-ऑनवरून, म्हणजे हँडलच्या एका तुकड्यावरून, झालं होतं, आणि ते रेसच्या अर्धा तास आधी.

तपासा: लायसन्स, आधार आणि मेडिकल या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का? रक्तगट सगळीकडे सारखा लिहिलाय का? ‘आईचा आहे तोच असेल’ असं म्हणून रक्तगट लिहिणारे भेटले आहेत. लॅबमध्ये जाऊन तपासून घ्या.

## २. सहा आठवडे आधी: अंगावर काय चढणार

एकसंध लेदर सूट, फुल-फेस हेल्मेट, बंद मनगटाचे लेदर ग्लव्हज, घोट्याच्या वर जाणारे रेसिंग बूट, पाठीचा आणि छातीचा प्रोटेक्टर. नुसती यादी कुणीही देईल. चुका होतात त्या मापात.

सूट दुकानात उभं राहून घट्टच वाटला पाहिजे. तो उभ्यासाठी शिवलेला नसतो, वाकून बसण्यासाठी असतो. सूट घालून घरातल्या सोफ्याच्या हातावर गाडीवर बसल्यासारखे बसा, हनुवटी टाकीवर टेकवल्यासारखी खाली न्या, दहा मिनिटं तसेच राहा. खांदा ओढला जात असेल किंवा गुडघ्याचं आवरण बाजूला सरकत असेल तर माप चुकलं. सेकंड-हँड सूट घेतलात तर बगलेची आणि मांडीच्या आतली शिवण नखाने ओढून पाहा. चामडं सहसा टिकतं, दोरा कुजतो.

हेल्मेटची चाचणी दोघांनी करायची. पट्टा पूर्ण आवळा, मान पुढे वाकवा, आणि मागे उभ्या माणसाला हेल्मेटची मागची कड वर-पुढे ढकलायला सांगा. हेल्मेट डोक्यावरून निघालं तर ते तुमचं नाही, मग ते कितीही महाग असो. पट्टा दोन धातूच्या कड्यांचा, म्हणजे डबल डी-रिंगचाच घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून ओरखडा दिसत नसला तरी, शेल्फवर ठेवायचं.

इशारा: नवा सूट, नवे बूट पहिल्यांदा चेन्नईत घालू नका. नव्या बुटात पाय गिअर लिव्हरखाली जातच नाही, आणि हे कळायला पिट लेन, म्हणजे गॅरेजसमोरून ट्रॅकवर जायची गल्ली, ही चुकीची जागा आहे. पुण्या-मुंबईच्या आसपास जिथे ट्रॅक-डे किंवा कार्टिंग ट्रॅकवर बाइकचा सराव मिळेल, तिथे दोन दिवस पूर्ण पोशाखात काढा.

## ३. दोन आठवडे आधी: गाडी आणि लॉकवायर

स्वतःची गाडी नेणाऱ्यांनीच हा टप्पा पूर्ण वाचावा. सीट भाड्याची असेल तरी शेवटच्या तपासणीपाशी या, कारण स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तांत्रिक तपासणीत, गाडी अडली तर टीमचं नुकसान कमी आणि तुमचं जास्त.

आधी उतरवायचं ते: हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, साइड स्टँड, मागच्या माणसाचे फूटपेग, नंबर प्लेट. मग भरायचं ते: ब्रेकला ताजं डॉट-४ ऑइल, आणि रेडिएटरमध्ये फक्त पाणी. कूलंटमधलं ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं की साबणासारखं पसरतं आणि धुतलं तरी लवकर जात नाही. तुमच्या एका फुटलेल्या पाइपने मागचे सहा जण पडू शकतात. फ्लश करताना एकदा पाणी बदलून भागत नाही. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग पूर्ण जाईपर्यंत करा.

मग लॉकवायर. इथे जरा सावकाश.

लॉकवायर म्हणजे बोल्टच्या डोक्यातून ओवून शेजारच्या पक्क्या जागेला बांधलेली बारीक स्टीलची तार. बोल्ट धक्क्याने सैल झालाच तरी तो पूर्ण सुटू नये, तेल ट्रॅकवर सांडू नये, एवढंच तिचं काम. निदान इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण आणि ऑइल फिल्टरच्या कव्हरचे बोल्ट बांधायचेच. बाकी तुमच्या वर्गाच्या तांत्रिक नियमांत असेल ते.

अ) बोल्ट काढून व्हाइसमध्ये आवळून धरा. डोक्याच्या सहा कडांपैकी एका कोपऱ्याजवळ पंच मारून खळगा करा. खळगा नसेल तर ड्रिल घसरतं आणि बोट जातं.

आ) १.५ मिलिमीटरचं बिट, हळू फिरणारं ड्रिल, आणि दर काही सेकंदांनी तेलाचा थेंब. दाबलंत की बिट मोडतं. पाच बिटं आणा. पहिली दोन मोडणारच. ड्रेन बोल्टचं डोकं मऊ असतं, तिथे सुरुवात करून हात बसवा.

इ) आता बोल्ट परत बसवा आणि टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला घट्ट करा. हे आधी, वायर नंतर. मी एका रात्री उलटं करणाऱ्याला पाहिलंय: सुबक पिळलेली वायर आणि आत अर्धवट सैल बोल्ट.

ई) ०.७ किंवा ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार ओवा आणि दिशा बघा. बोल्ट सुटायच्या दिशेने फिरू लागला की तार ताणली गेली पाहिजे. तार ढिली पडत असेल तर तुम्ही ती उलट्या बाजूने नेली आहे. बोल्ट तिला खुशाल पार करेल. नवख्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि स्क्रुटिनिअर नेमकं तिथेच बोट लावून बघतो.

उ) पकडीने पीळ द्या, इंचाला सहा-आठ. फार पिळलीत तर तार कडक होऊन तुटते. उरलेलं टोक कापून आत दुमडा, नाहीतर पुढच्या वेळी तिथे हात घालणाऱ्या मेकॅनिकचं रक्त ठरलेलं.

बाकीची कामं पटकन: ब्रेक लिव्हरचा गार्ड, मागच्या स्प्रॉकेटपाशी खालून बोट आत जाऊ नये म्हणून चेनचा गार्ड, हँडलची टोकं बंद, इंजिन बंद करणारा किल स्विच चालतो का, थ्रॉटल सोडला की आपोआप बंद होतो का, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायचं. नंबर ठरलेल्या आकारात आणि ठरलेल्या रंगावर. कलाकुसरीच्या फॉन्टमधला नंबर टायमिंगवाल्यांना वाचता येत नाही.

तपासा: सगळं झाल्यावर इंजिन वीस मिनिटं चालवा, पंखा सुरू होऊ द्या, खाली पुठ्ठा टाकून ठेवा. पुठ्ठ्यावर डाग नसेल तर गाडी बांधा. चेनचा ढिलेपणा रायडरला गाडीवर बसवूनच मोजा.

## ४. प्रवास

पुण्याहून कोल्हापूर-हुबळी-बंगळुरूमार्गे साधारण साडेअकराशे किलोमीटर. पिकअपमध्ये गाडी घालून जाणार असाल तर दोन ड्रायव्हर आणि मध्ये एक रात्रीची झोप. रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी, आरसीची आणि ओळखपत्राची प्रत, आणि फेअरिंग वेगळं गुंडाळून सोबत. तुमच्याकडे त्याच ट्रेनचं तिकीट असेल तर ‘लगेज’ म्हणून बुक करा, म्हणजे बाइक तुमच्यासोबत निघते. नुसतं ‘पार्सल’ केलंत तर ती कधी पोचेल हे देव आणि गार्ड जाणे.

ट्रॅक शहरात नाही. चेन्नई सेंट्रलपासून बंगळुरू हायवेने सुमारे ३५-४० किलोमीटर आहे, म्हणून मुक्काम श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला बघा. सकाळी सहाला हजर राहायचं असतं.

बुधवारी रात्री पोचा. गुरुवारी सकाळी पोचू म्हणणारे दुपारी पोचतात.

## ५. गुरुवार: पायी चक्कर, कागद, स्क्रुटिनी, ब्रीफिंग

वेळापत्रक राउंडनुसार बदलतं, पण क्रम हाच ठेवा.

आधी चाला. परवानगी मिळेल त्या वेळेत ट्रॅकची पूर्ण पायी फेरी मारा. वळणांना तिथे सी-१, सी-२ ते सी-१२ असंच म्हणतात. तुम्हीही तीच नावं लावा, म्हणजे मेकॅनिक, मार्शल आणि तुम्ही एकाच गोष्टीबद्दल बोलाल. प्रत्येक वळणाआधी थांबा आणि उकिडवे बसा. उभ्या माणसाला वळणाचा शेवट दिसतो, गाडीवर वाकलेल्याला दिसत नाही. तुमच्या डोळ्यांच्या त्या उंचीवरून काय दिसतं, तेवढंच उद्या उपयोगी. ब्रेकसाठी खूण निवडताना हलणारी वस्तू घेऊ नका. एकाने कडेला उभी असलेली पाण्याची टाकी खूण धरली होती. शुक्रवारी ट्रॅक्टर ती घेऊन गेला.

चालताना मार्शलच्या चौक्याही मोजा. कोणत्या वळणाला चौकी डावीकडे आणि कुठे उजवीकडे, हे पाठ हवं. झेंडा तिथूनच दिसणार आहे.

मग कागद. मूळ प्रती एका प्लास्टिक फोल्डरमध्ये, वर यादी. सही करताना वेळापत्रक आणि त्या राउंडचे पूरक नियम मागून घ्या. सूचना फलकाचा रोज तीनदा फोटो काढायचं काम सोबतच्या एका माणसाला नेमून द्या.

मग स्क्रुटिनी. रांगेत रायडरने स्वतः उभं राहायचं. सूट, हेल्मेट, ग्लव्हज, बूट, प्रोटेक्टर एका पिशवीत. गाडीचा बेली पॅन (इंजिनखालचं आवरण) काढलेला, म्हणजे वायर दिसते. स्क्रुटिनिअर काही काढायला सांगेल तेव्हा हुज्जत नको. ‘पुण्यात पास झालं होतं’ या वाक्याचा तिथे काही उपयोग होत नाही. एखादी त्रुटी निघाली तर ती नेमकी कोणती, किती वाजेपर्यंत दुरुस्त करून आणायची, एवढंच विचारा. ट्रान्सपॉन्डर (फेरीची वेळ नोंदवणारं छोटं यंत्र) घेतलात की तो ठरलेल्या जागी, दाखवलेल्या बाजूने बसवा. चुकीचा बसला तर तुमची वेळ लागत नाही, आणि वेळ नाही म्हणजे ग्रिडवर जागा नाही.

मग ब्रीफिंग. हजेरी सक्तीची असते. पहिल्या रांगेत बसा, वही घेऊन. पिट लेनचा वेग, ट्रॅकवर आत शिरायची आणि बाहेर पडायची रेघ, सरावाची स्टार्ट कुठे मारायला परवानगी आहे, या तीन गोष्टी सांगितल्या नाहीत तर हात वर करून विचारा.

झेंडे रात्री झोपण्याआधी घरच्यांनी विचारून घ्यावेत, पाढे घेतात तसे:

हलणारा पिवळा: वेग कमी, ओव्हरटेक बंद, थांबायची तयारी. लाल: सत्र थांबलं, हळूहळू पिटमध्ये. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. निळा: मागून जोरात येणारा तुम्हाला गाठतोय, तुमची रेघ, म्हणजे वळणातून जायची तुमची वाट, सोडू नका. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर: गाडीत बिघाड आहे, लगेच ट्रॅकबाहेर. नुसता काळा आणि तुमचा नंबर: पिटमध्ये या, शिक्षा किंवा चौकशी आहे.

नारिंगी गोलवाला झेंडा पाहून नवखे ‘गाडी तर मस्त चालतेय’ म्हणून पुढे जातात. मागे तेल गळत असतं, ते रायडरला दिसत नाही.

## ६. शुक्रवार: सराव आणि क्वालिफाइंग

ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो. उजवीकडे जास्त झुकावं लागतं, टायरची उजवी बाजू आधी तापते, डावी मागे राहते. दोन उजवी वळणं मस्त गेली म्हणून आत्मविश्वास येतो आणि त्यानंतरच्या पहिल्या डाव्याला गाडी सटकते. म्हणून पहिल्या सरावाच्या फेऱ्या अशा वाटून घ्या:

पहिली फेरी, फक्त बघायची: चौक्या, खुणा, रस्त्यावरचे डाग. दुसरी-तिसरी, ब्रेक आणि थ्रॉटल नीट, वळणात झुकणं कमी. चौथीपासून दर फेरीला थोडं पुढे. आणि एक फेरी आधीच ठरवून ठेवा, जिथे सत्र संपायच्या आत पिटमध्ये यायचं.

ती पिटची फेरी कशासाठी? टायरचा दाब गरम असताना मोजायला. प्रेशर गेज स्वतःचं ठेवा आणि वीकेंडभर तेच वापरा. दोन गेज कधी एकसारखं बोलत नाहीत. थंड दाब, गरम दाब, वेळ, ऊन की ढग, हे चार रकाने वहीत.

सेटिंगला हात लावू नका. सस्पेन्शनचा स्क्रू फिरवायची खाज प्रत्येकाला येते, शेजारच्या गॅरेजवाले सल्लेही देतात. दोन मिनिटांच्या वरची फेरी मारणाऱ्या नवख्याला प्रीलोडचा (स्प्रिंगच्या ताणाचा) स्क्रू अर्धा फिरवून काय मिळणार? एकाच वळणाला लवकर थ्रॉटल उघडलं तर त्याहून जास्त मिळतं. लिव्हरची उंची, गिअर पेडलचा कोन मात्र जरूर बदला.

क्वालिफाइंग. सगळे एकदम निघतात आणि पहिल्या दोन फेऱ्या गर्दीत जातात. वीस-तीस सेकंद थांबून निघा. जोरातल्या रायडरच्या मागे लागून वेळ काढायचा मोह होतो, आणि त्यात गंमत अशी की तो त्याच्या खुणेवर ब्रेक मारतो, तुम्ही त्याच्या मागच्या टायरकडे बघता. तो रुंद गेला की तुम्हीही जाता. त्याच्याकडून रेघ शिका, ब्रेकची खूण स्वतःची ठेवा.

इशारा: एका वळणाला दोनदा गाडी हलली तर त्या सत्रात तिथे तिसऱ्यांदा जोर लावू नका. आधी पिटमध्ये येऊन टायर आणि तेल बघा.

## ७. शनिवार: पहिली रेस

रेसच्या वेळेपासून उलट मोजत या. अडीच-तीन तास आधी जेवण: इडली, दहीभात, केळं. तिथला दहीभात हा रेसरसाठी देवाने केलेला पदार्थ आहे. बिर्याणी रविवारी रात्री. पाणी सकाळपासून घोट घोट, त्यात ओआरएस. चेन्नईच्या दमट हवेत लेदरच्या आत घाम वाळत नाही, नुसता वाहतो. लघवी गडद पिवळी असेल तर तुम्ही आधीच उशीर केलाय. सूट अर्धा, कमरेपर्यंतच चढवा, बाह्या बांधून सावलीत बसा. सूटची पूर्ण झिप पंधरा मिनिटं आधी.

पेट्रोल भरलं, टायरचा दाब बघितला, ट्रान्सपॉन्डर बसलाय, चेन बघितली: हे चारही मेकॅनिकने मोठ्याने म्हणायचे आणि रायडरने ‘हो’ म्हणायचं. शाळकरी वाटतं, पण याच चौथ्या ‘हो’ला आम्हाला एकदा मागच्या ॲक्सलचं नट हाताने फिरताना सापडलं.

ग्रिड. ग्रिडच्या रेघा गुरुवारी चालताना बघून ठेवा, त्यातली आपली जागा क्वालिफाइंगनंतर कळते. वॉर्म-अप फेरीत टायर तापवायचा तो जोरात ब्रेक मारून आणि जोरात थ्रॉटल उघडून; सापासारखं डावी-उजवी करून फारसं काही तापत नाही. परत जागेवर आलात की पुढचं चाक रेघेच्या मागे. पहिला गिअर. क्लच जिथे पकडू लागतो तिथपर्यंत सोडून थांबायचं नाही, थोडं आधी.

मग लाल दिवे लागतात. दोन ते पाच सेकंदांत विझतात. विझले की निघायचं.

हे पाच सेकंद फार लांब असतात. मी भिंतीच्या जाळीला नाक लावून पाहिलंय: शेजारच्या गाडीचा आवाज वाढतो, पोराचं डावं मनगट थरथरतं, क्लच केसभर सुटतो, पुढचं चाक वीतभर सरकतं. तेवढं पुरतं, तो जंप स्टार्ट धरला जातो आणि शिक्षा मिळते. शेजाऱ्याच्या आवाजाकडे कान देऊ नका. नजर दिव्यावर, श्वास बाहेर.

गाडी बंद पडली तर? गाडीवरच बसून राहा, डावा हात सरळ वर. उतरून ढकलायला जाऊ नका. मागून अख्खी रांग तुमच्या अंगावर येत असते आणि तुमचा वर गेलेला हात एवढंच त्यांना दिसतं.

पहिली फेरी. सगळ्यात जास्त पडझड इथे होते, आणि कारण साधं आहे: सरावात तुम्ही ज्या वळणाला एकटे होता तिथे आता वीस जण एका रेघेवर आहेत. पुढच्याच्या मागे असल्याने वारा कमी लागतो, गाडी जास्त वेगात असते, म्हणून कालच्या खुणेवर ब्रेक मारलात तर तो उशिरा ठरतो. पहिल्या फेरीत खूण सरळ मागे आणा. दोन-तीन जागा जातील. जाऊ द्या, पुढच्या फेऱ्यांत त्यातले काही जण तुम्हाला गवतात दिसतील.

आत शिरायची वाट दिसली तर ती ब्रेकच्या आधी घ्या. ब्रेक मारता मारता आत घुसायचं काम दुसऱ्या सीझनचं आहे.

रेस संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा पडला की एकदम थ्रॉटल सोडू नका, मागचा अजून पूर्ण वेगात आहे. हात वर, हळूहळू बाजूला, आणि सांगितलं असेल तर सरळ पार्क फर्मेमध्ये, म्हणजे तपासणीसाठी गाड्या ठेवतात त्या बंद जागेत. तिथे गाडीला मेकॅनिकने हात लावायचा नाही, नुसती पुसायलाही नाही. तात्पुरता निकाल फलकावर लागला की वेळ लिहून ठेवा. आक्षेपाची मुदत तिथून धरतात आणि ती सहसा अर्ध्या तासाची असते.

## ८. पडलात तर

गाडी सोडा. हँडल धरून ठेवलं की गाडी तुम्हाला घेऊन उलटते. हात छातीशी, घसरू द्या. पूर्ण थांबलोय असं वाटलं तरी मनात दोन मोजा. ताशी साठने घसरणाऱ्याला आपण थांबलोय असंच वाटतं आणि तो उठायला जाऊन घोटा मोडून घेतो. मग आधी मागून येणाऱ्यांकडे बघा आणि जवळच्या भिंतीकडे चाला. गाडी उचलायला ट्रॅकवर परत यायचं नाही, ते मार्शलचं काम.

मेडिकल सेंटरला जायला सांगितलं तर जायचं, ‘काही झालं नाही’ म्हणत टाळायचं नाही. डोक्याला मार लागला असेल, मळमळत असेल, कालचा दिवस आठवायला वेळ लागत असेल, तर वीकेंड संपला. हे ठरवायचा अधिकार डॉक्टरला; घरातून आलेल्या माणसाने डॉक्टरच्या बाजूने उभं राहायचं, पोराच्या बाजूने नाही. हेल्मेट आपटलं असेल तर ते बाद, म्हणून दुसरं गाडीत असावं.

## ९. शनिवार रात्र आणि रविवार

जेवणाआधी वही. प्रत्येक वळणासमोर एक शब्द: ‘ठीक’, ‘घाई’, ‘भीती’. ‘भीती’ लिहिलेली दोन वळणं निवडा, रविवारी फक्त त्यांचा विचार. व्हिडिओ एकदा बघा, अकरा वेळा नको.

गाडीवर रात्री: लॉकवायर बोटाने फिरवून, चेन, ब्रेक पॅड, पेट्रोलचा हिशोब. पॅड अर्ध्याखाली असतील तर आजच बदला. नवे पॅड बसायला सकाळचा वॉर्म-अप लागतो.

सीझनच्या उत्तरार्धात दुपारी तिथे अचानक आभाळ भरून येतं. पांढऱ्या झेंड्यावर लाल तिरपी फुली दिसली की ट्रॅकच्या त्या भागात थेंब पडताहेत. ओल्या ट्रॅकवर रंगवलेल्या पट्ट्या आणि वळणाच्या कडेचे कर्ब टाळा, ब्रेक लांबून आणि हळू दाबा, आणि एक गिअर वरचा ठेवा. व्हायझरला आतून वाफ धरू नये म्हणून पिनलॉक किंवा दुसरा व्हायझर शनिवारीच काढून ठेवा, ग्रिडवर शोधायला नाही.

रविवारच्या रेसमध्ये शनिवारचा वेळ मोडायच्या नादात बरेच नवखे पडतात. एकाला मी ग्रिडवर विचारलं, “काल किती फेऱ्या झाल्या?” तो म्हणाला, “काका, सगळ्या.” “मग आजही सगळ्या मार.” तो चौदावा आला, शनिवारपेक्षा दोन जागा वर, एकालाही न ओलांडता.

## १०. निघण्याआधी

ट्रान्सपॉन्डर परत करा आणि पावती घ्या, नाहीतर त्याचे पैसे लागतात. लायसन्स किंवा इतर मूळ कागद ऑफिसात ठेवले असतील तर तेही. गाडी रेल्वेने जाणार असेल तर पेट्रोल काढायला पाइप आणि कॅन पॅडॉकमध्येच वापरा, स्टेशनच्या आवारात ते कुणी करू देत नाही. सूट आतून उलटा करून, झिप उघडी ठेवून टांगा. पिशवीत ओला बंद केलात तर पुण्याला पोचेपर्यंत शिवणीला बुरशी आणि डब्यातल्या सहप्रवाशांच्या शिव्या. बूटांत वर्तमानपत्र कोंबा.